मीटर, हीटर आणि मी

मी एखादी गोष्ट करायची ठरवली की करूनच सोडतो. हा माझा गुण आहे, असं मी म्हणतो. माझी बायको यासाठी वेगळा शब्द वापरते, पण तो इथे छापण्यासारखा नाही.

झालं असं, की एका सोमवारच्या बैठकीत आमच्या संशोधन संस्थेच्या मोठ्या साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. साहेबांनी पुसायला चष्मा काढला तर काळजी नसते. टेबलावर ठेवला की कुणाचा तरी निकाल लागतो.

"आपली संगणकांची खोली एकटी जेवढी वीज खाते, तेवढी बाकीची अख्खी इमारत खाते," साहेब म्हणाले. "ती खोली बंद करावी असं माझं मत झालंय. गणितं बाहेरून करून घेऊ."

आता, ती खोली म्हणजे मी! खोलीचा प्रमुखही मी, मदतनीसही मी आणि सकाळी कुलूप काढणाराही मीच.

"आणि माझं काय, साहेब?"

"जुन्या सामानाच्या गोदामाला बरेच दिवस प्रमुख नाही," साहेब प्रेमाने म्हणाले.

त्या गोदामात काय आहे ते तुम्हाला सांगतो. मोडक्या खुर्च्या! छतापर्यंत रचलेल्या, एकमेकींत पाय अडकलेल्या. म्हणजे उद्या सासरी कुणी विचारलं, "जावईबापू सध्या काय करतात?" तर उत्तर काय द्यायचं? मोडक्या खुर्च्यांचे प्रमुख आहेत? मी ताडकन उठलो.

"साहेब, पुढच्या आठवड्याच्या गुरुवारपर्यंत मला वेळ द्या. खोलीची वीज निम्म्यावर आणतो! आणि कुणाचंही काम एका मिनिटानेही उशिरा होणार नाही. नाही जमलं तर गोदामाची किल्ली मागायला मी स्वतः येईन!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शेजारच्या बियाण्यांच्या प्रयोगशाळेची प्रमुख तर जरा जास्तच रोखून बघत होती. ती माझी बायको.

माझ्या बोलण्यात पोकळ बढाई नव्हती बरं का! मागे शास्त्र होतं. आमच्या संगणकांचे प्रोसेसर हव्या त्या वेगाने चालवता येतात. आता जिन्याचं उदाहरण घ्या. चार मजले धावत चढलात तर वर गेल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही. तेच चार मजले रमतगमत चढलात तर वर जाऊन भांडणसुद्धा करता येतं. मजले तेवढेच, पण दमणूक किती कमी! प्रोसेसरचंही तसंच. वेग दुप्पट केला की वीज दुप्पट नाही, कितीतरी पट लागते. म्हणून काम जेव्हा हवं असेल तेव्हाच संपेल इतक्या हळू ते चालवायचं. अडचण एकच. पुढचं काम कधी येऊन टपकेल ते कुणालाच माहीत नसतं. त्यामुळे नवं काम आलं, की हातातली सगळी कामं धरून वेग नव्याने ठरवायचा. हे सगळं आपोआप करणारा प्रोग्रॅम मी लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं 'सावकाश'.

पहिलं युद्ध झालं ते मुदतीवरून. 'सावकाश'ला प्रत्येक कामाची खरी मुदत लागते. आणि आमच्याकडे विचाराल त्याला काम 'ताबडतोब' हवं असतं!

"हे नकाशे कधी हवेत?" मी ड्रॉइंग विभागाच्या मॅडमना विचारलं.

"आत्ता."

"आत्ता दिले तर आत्ता बघणार का?"

"छे! बुधवारी बघीन."

"मग बुधवार लिहा ना!"

"पण बुधवार लिहिलं तर तुम्ही बुधवारी द्याल."

"बुधवारीच देणार!"

"मग आत्ताच लिहिते," मॅडम म्हणाल्या.

पण मी हटलो नाही. दारोदार फिरलो. विनवण्या केल्या, जिन्याचं उदाहरण प्रत्येकाला सांगितलं, काहींना प्रत्यक्ष जिन्यावर नेऊन दाखवलं. ग्रंथपालांना मी दोनदा चढवलं. या ग्रंथपालांना आम्ही हळूबोले म्हणतो. वाचनालयात आयुष्य गेल्यामुळे त्यांचा आवाज कुजबुजीच्या वर जातच नाही. दुसऱ्यांदा वर पोचल्यावर त्यांनी माझ्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. बहुधा होकार असावा. मी तसंच धरून चाललो.

शेवटी सगळ्यांनी खऱ्या मुदती दिल्या. पुढच्या सोमवारी सकाळी खुद्द साहेबांचं काम आलं. शहराच्या नव्या पाणीपुरवठ्याचं भलंमोठं गणित होतं, कुठल्या नळात किती दाबाने पाणी जाईल याचं. गुरुवारी पाच वाजता तपासणी समिती येणार होती आणि तिच्यासमोर साहेब ते मांडणार होते. एरवी आमच्या मशीनांनी ते त्याच संध्याकाळी उरकून टाकलं असतं. 'सावकाश'ने ते थेट गुरुवारी पावणेपाचपर्यंत पसरवलं. बरोबरच आहे! लवकर करून त्याचं लोणचं घालायचं होतं का?

आणि काय सांगू तुम्हाला! खोलीत एरवी पंख्यांचा असा घोंघाट असायचा की फोन उचलायला मी बाहेर जायचो. आता माझ्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक मला ऐकू यायला लागली. खोलीच्या विजेचा मीटर वेगळा आहे. त्याच्यासमोर मी खुर्ची टाकून बसलो. आकडा मुंगीच्या पावलाने पुढे सरकत होता. मला गहिवरून आलं.

मग मी आणखी पेटलो. आयत्या वेळी दिवे गेले तर मशीन चालू ठेवणारी मोठी बॅटरी असते. ती भरून ठेवायलाही वीज लागतेच की! काढून टाकली. चालू गणित दर तासाला जपून ठेवायची सोय होती. तिलाही वीज लागते. मी ती दिवसातून एकदा, सकाळी, अशी करून टाकली. घरीही मी मीटरशिवाय दुसरं काही बोलत नव्हतो.

"आज मीटर निम्म्याच्याही खाली!" मी जेवताना बायकोला सांगितलं.

"माझं बी उगवत नाहीये रे," ती म्हणाली.

"आणि अजून साहेबांचं गणित चालू असताना, बरं का!"

"टोमॅटोचं नवं वाण आहे. मूठभरच बी होतं, सगळं पेरलंय. आत्तापर्यंत कोंब दिसायला हवे होते. ते वाया गेलं तर माझं वर्ष गेलं. तू ऐकतोयस का?"

ऐकत होतो. खरंच ऐकत होतो! तिचा आवाज असा पडलेला मी कधी ऐकला नव्हता. मला वाईट वाटलं.

"पाणी कमी पडतंय का?"

"पाणी तेवढंच, माती तीच. ट्रे तर गार लागतायत. खोलीतच गारठा वाटतोय सध्या."

"एवढंच ना? मग हीटर लाव की!" मी म्हणालो. "आपला घरचा घेऊन जा. मीच उचलून आणून देतो."

आणि दिला! दुसऱ्या दिवशी सकाळी घरचा हीटर छातीशी धरून मी चार मजले चढलो, तेही रमतगमत. बायकोने इतक्या कौतुकाने बघितलं की मला आणखी दोन हीटर आणावेसे वाटले.

ती संधीही लगेच आली. दुपारी ड्रॉइंगच्या मॅडम हातमोजे घालून रेघा मारताना दिसल्या.

"बोटं आखडतात हो," त्या म्हणाल्या. "या वर्षी थंडी फारच आहे."

"मग हीटर लावा!" मी म्हणालो.

हळूबोले तर मफलरमध्ये नाकापर्यंत बुडाले होते. आधीच त्यांचं बोलणं कळत नाही, त्यात मफलर! त्यांनी काय विचारलं देव जाणे, पण मी उत्तर दिलं, "हीटर लावा!"

आता तुम्ही म्हणाल, अरे बाबा, हे सगळे एकदम का गारठले, हा प्रश्न तुला पडला नाही का? नाही पडला. एक म्हणजे, संगणकांच्या खोलीत गार हवा खेळती ठेवावी लागते म्हणून मी बारा महिने स्वेटर आणि कानटोपी घालून बसतो. इमारतीत थंडी वाढली आहे की नाही हे कळणाऱ्यांतला मी नव्हेच. आणि दुसरं म्हणजे, ते हीटर माझ्या मीटरवर नव्हते!

गुरुवार उजाडला. चार वाजता मोठे साहेब स्वतः खोलीत आले. मी त्यांना मीटरसमोर माझ्याच खुर्चीत बसवलं. निम्म्यापेक्षा कमी! साहेबांनी चष्मा काढला. त्यांनी तो पुसला आणि परत डोळ्यांवर ठेवला.

"शाब्बास!" साहेब म्हणाले. "आणि माझं गणित?"

"शेवटच्या टप्प्यात आहे, साहेब. पावणेपाचला कागद तुमच्या हातात."

"झालं असतं ना कालच?"

"झालं असतं, पण धावत! आता कसं रमतगमत येतंय बघा."

साहेब हसले. साहेब हसले म्हणजे खोली वाचली, मी वाचलो, खुर्च्या राहिल्या बिनप्रमुखाच्या! मला आनंद आवरेना. मी दारातून बाहेर डोकावून ओरडलो, "अहो, साहेबांसाठी कुणीतरी चहा टाका!"

मॅडमनी विजेच्या किटलीचं बटण दाबलं.

फट्! असा आवाज खालून कुठून तरी आला आणि अख्खी इमारत अंधारली. मशीनवरचे हिरवे दिवे टपाटप मिटले. आणि त्या शांततेत वाचनालयातून एक खणखणीत आवाज आला, "कोण आहे रे तिकडे? दिवे लावा!"

तो हळूबोलेंचा होता! सगळे जागच्या जागी थिजले. एवढा आवाज या माणसाने इतकी वर्षं कुठे ठेवला होता?

"माझं गणित?" अंधारात साहेबांनी विचारलं.

"सकाळपर्यंतचं जपून ठेवलंय, साहेब."

"आणि सकाळनंतरचं?"

मी अंधारातच कानटोपी नीट केली.

"बॅटरी असते ना अशा वेळेसाठी?"

"असते, साहेब," मी म्हणालो. "गोदामात."

तेवढ्यात वायरमनकाका विजेरी घेऊन वर आले. ते मुळातच तापट, त्यात चार मजले धावत चढलेले. सगळ्या खोल्यांत जाऊन ते बाहेर आले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"तीन हीटर! तीन खोल्यांत तीन, आणि वर किटली! मेन फ्यूज उडेल नाहीतर काय? ते बंद केल्याशिवाय मी फ्यूजला हात लावणार नाही."

"मी बंद करणार नाही," मॅडम म्हणाल्या. "माझी बोटं हलत नाहीत."

"मीही नाही!" हळूबोले गरजले. त्यांना आता ओरडण्याची गोडी लागली होती.

"हे हीटर लावायला सांगितलं कुणी?" साहेबांनी विचारलं.

वायरमनकाकांनी बियाण्यांच्या खोलीतला हीटर उचलून आणला आणि त्याच्यावर विजेरी धरली. त्याच्या एका कोपऱ्यावर जळक्या मोज्याचा डाग आहे. मोजा माझा होता. मी काही बोलायच्या आत सगळ्यांची बोटं माझ्याकडे वळली. मॅडमचंसुद्धा, आखडलेलं!

माझं धाबं दणाणलं. समिती पाचला येणार. वीज नाही, गणित नाही. वीज आणायची तर हीटर बंद करायला हवेत, आणि हीटर कुणी बंद करेना. डोळ्यांसमोर मोडक्या खुर्च्या नाचायला लागल्या.

साहेब समिती आली का ते बघायला जिन्याकडे गेले, इतक्यात बायको पुढे आली. ऑफिसात ती मला चारचौघांत 'तुम्ही' म्हणते. ती 'तू' म्हणाली तेव्हाच मी ओळखलं, की आता काही खरं नाही.

"एक सांग मला. तुझ्या त्या मशीनची गरम हवा जाते कुठे?"

"वरच्या पत्र्याच्या नळीतून बाहेर."

"बाहेर म्हणजे कुठून?"

मी वर बघितलं. ती नळी माझ्या खोलीतून निघते आणि बियाण्यांच्या खोलीतून, ड्रॉइंगमधून, वाचनालयातून जाते. प्रत्येक खोलीत तिला एक जाळी आहे. आमच्या इमारतीची ऊब देणारी जुनी यंत्रणा कधीच गंजून बंद पडली आहे, पण त्याबद्दल कुणी कधी तक्रार केली नव्हती. का केली नव्हती ते मला त्या क्षणी, अंधारात, लख्ख दिसलं.

"इतकी वर्षं तुझी मशीनं आमच्या खोल्या तापवत होती," बायको म्हणाली. "ती तू हळू केलीस. माझं बी गारठवलंस आणि वर मलाच हीटर आणून दिलास!"

"पण तो मी प्रेमाने..."

"पळव!"

"काय?"

"मशीनं पळव! सगळी, पूर्ण वेगात. खोल्या आपोआप तापतील, हीटरची गरज राहणार नाही. साहेबांचं गणितही होईल."

मीटरचं काय, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून मी ते गिळलं. साहेब परत आले तसा मी त्यांच्याकडे वळलो.

"साहेब, मी पावणेपाच म्हटलं होतं. ते आता शक्य नाही. पण पाचला मी गणित देणारच! सगळ्यांनी फक्त थोडा वेळ थंडी सोसा."

मॅडमनी हीटरचं बटण बंद केलं. हळूबोलेंनीही केलं, मोठ्याने कुरकुरत. वायरमनकाका धडधडत खाली गेले. दिवे आले. मी 'सावकाश' बंद केला. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या लेकराला घराबाहेर काढल्यासारखा! आणि सगळ्या प्रोसेसरचा वेग जाईल तिथपर्यंत नेऊन ठेवला.

पंख्यांनी असा काही घोंघाट केला की विचारू नका. मीटरवरचा आकडा धावत सुटला. मी त्याच्याकडे पाठ केली आणि गणित किती पुढे गेलं तेवढंच बघत राहिलो. मधेच कुणाचं तरी नवं काम आलं, मुदत 'ताबडतोब'. मी त्याला हात जोडले आणि बाजूला ठेवलं. कपाळावरून घाम ओघळायला लागला तशी कितीतरी वर्षांनी मी कानटोपी काढली.

बाहेर एकेक खोली ऊबदार होत गेली. मॅडमनी हातमोजे काढले. हळूबोलेंनी मफलर काढून टेबलावर ठेवला आणि परत कुजबुजायला लागले. समिती जिना चढत होती तेव्हा शेवटचं पान बाहेर पडलं. मी ते घेऊन बाहेर धावलो आणि साहेबांच्या हातात दिलं. कागद गरम होता. मला तर चार मजले चढल्यासारखी धाप लागली होती.

समितीला गणित आवडलं. त्याहून जास्त आवडली ती आमची इमारत. "बाहेर एवढा गारठा आणि इथे किती छान ऊब आहे!" असं त्यातले एक गृहस्थ तीनदा म्हणाले.

शुक्रवारी साहेबांनी मला बोलावलं. समोर वायरमनकाका उभे होते. अख्ख्या इमारतीच्या मोठ्या मीटरची ते रोज नोंद ठेवतात, आणि आदल्या दिवशी फ्यूज बदलल्यावर तर त्यांनी तो मुद्दाम बघून ठेवला होता. माझ्या खोलीची वीज निम्मी झाली त्या दिवसांत इमारतीची वीज अफाट वाढली होती. आणि काल मशीनं पूर्ण वेगात होती, हीटर बंद होते, त्या वेळात त्याहून कितीतरी कमी वीज लागली होती!

"म्हणजे तुमच्या प्रोग्रॅमने सगळ्यात जास्त वीज वाचवली ती तो बंद असताना," साहेब म्हणाले.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी गोदामाच्या किल्लीसाठी निमूटपणे हात पुढे केला.

"हे काय? हात खाली करा," साहेब म्हणाले. "सकाळपासून माझ्याकडे रांग लागलीय. ड्रॉइंग, वाचनालय, बियाणं, सगळे म्हणतात संगणकांची खोली बंद केली तर आम्हाला काम करणं अशक्य आहे. मला माहीत नव्हतं, आपल्याकडे गणिताची एवढी गरज आहे!"

त्यांना खरं कारण सांगावं का, असा विचार माझ्या मनात आला. तो मी लगेच काढून टाकला.

खोली राहिली. मीही राहिलो. बायकोच्या ट्रेमध्ये पुढच्या आठवड्यात हिरवे कोंब दिसले. त्या दिवशी तिने मला हात धरून नेऊन ते दाखवले, आणि खरं सांगतो, मीटरचा आकडा बघूनसुद्धा मला एवढा आनंद झाला नव्हता. आता रोज सकाळी हळूबोले माझ्या दाराशी येतात आणि कुजबुजतात, "आज एखादं मोठं गणित आहे का हो?" मॅडमच्या कामांना मुदत नसते. त्या नुसतं लिहितात, 'बोटं सुटेपर्यंत'.

एकच घोळ राहिला. आमचा घरचा हीटर वायरमनकाकांनी जप्त केला, तो काही परत दिला नाही. संध्याकाळी घरी दातांवर दात आपटायला लागले. दोन दिवस बायकोने सहन केलं, मग म्हणाली, "तुझ्याकडचं एखादं जुनं मशीन घरी नाही का आणता येणार?"

आणलं, साहेबांची परवानगी काढून. आता ते रोज संध्याकाळी आमच्या पलंगाशेजारी पूर्ण वेगात घोंघावत असतं आणि खोली मस्त ऊबदार होते. त्याला सारखं काहीतरी अवघड गणित लागतं, म्हणून मी माझंच घातलंय. वीज कशी वाचवावी, याचं!